मासा आजारी दिसला की आधी पाणी बघा, औषधाची बाटली नंतर

माझी पहिली टँक दोन फुटी होती, एका रविवारी आणली आणि त्याच संध्याकाळी भरून त्यात दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा आणि "काच साफ ठेवतो" म्हणून एक सकर असे पंधरा जीव सोडले. यातली एकही गोष्ट बरोबर नव्हती हे आज कळतं, तेव्हा मात्र घरात सगळे खुर्च्या ओढून टँकसमोर बसले होते. दहाव्या दिवशी एंजलच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके आले. दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "काही नाही दादा, हे निळं टाका दहा थेंब, दोन दिवसांत साफ." टाकलं. फरक दिसेना म्हणून दुसऱ्या दिवशी परत दहा थेंब, मग मित्र म्हणाला म्हणून मूठभर मीठ, मग कोणीतरी सांगितलं म्हणून हळद (हो, खरंच). पाचव्या दिवशी सकर सोडून सगळे गेले. त्या टँकच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन आजही निळं आहे.

खूप नंतर लक्षात आलं की ते मासे ठिपक्यांनी कमी आणि अमोनियाने जास्त मेले, आणि उरलंसुरलं काम माझ्या औषधांनी केलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. त्यामुळे खाली जे लिहितोय त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग मासा नीट बघणं, आणि औषध सगळ्यात शेवटी.

पाण्यात काय चाललंय ते समजून घ्या

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो, शिवाय उरलेलं खाणं कुजून त्यातूनही अमोनियाच होतो, आणि तो माशाला विष आहे. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर हळूहळू बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात (तेही विषारी) आणि दुसऱ्या प्रकारचे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच कमी त्रासदायक असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. ही फौज तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये पहिल्या दिवशी पंधरा मासे सोडले की काय होतं ते वर सांगितलंच.

मग करायचं काय, तर टँक भरून फिल्टर चालू करून ठेवा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर फिशफूड टाकत राहा, म्हणजे बॅक्टेरियांना खायला अमोनिया मिळतो. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून आणा, विरजण लावल्यासारखं काम होतं, वेळ बराच वाचतो. लिक्विड टेस्ट किट घ्या, पट्ट्यांवाली स्वस्त पडते पण तिचा रंग वाचताना घरात भांडणं होतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडंफार दिसायला लागलं की टँक तयार. पुढेही नायट्रेट वीस-चाळीस पीपीएमच्या (म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम) खाली राहील एवढं पाणी बदलत राहायचं, साधारण आठवड्याला पंचवीस-तीस टक्के.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते कल्ले जाळतं आणि फिल्टरमधले बॅक्टेरियाही मारतं. बादलीत पाणी रात्रभर उघडं ठेवून त्यात एअर स्टोन (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर क्लोरीन बऱ्यापैकी उडतं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनचंच जास्त टिकणारं रूप) असेल तर ते असं उडत नाही, म्हणून अँटीक्लोरीनचे थेंब टाकायची सवयच लावून घ्या. पावसाळ्यात विशेष लक्ष ठेवा, नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो तेव्हा एका वेळी पंचवीस टक्क्यांच्या वर पाणी बदलू नका. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र करू नका हो, टँकमधून काढलेल्या पाण्यात बादलीतच दोनदा पिळा, बास झालं. स्वच्छतेच्या नावाखाली जितके मासे मेलेत तितके घाणीने मेले नसतील असं माझं मत आहे.

लिटरचा हिशोब एकदाच करून टँकला चिकटवा

औषधाच्या बाटलीवर डोस लिटरवर असतो आणि आपण टँक मोजतो फुटात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. दोन बाय एक बाय एक फूट म्हणजे ६० × ३० × ३०, म्हणजे ५४ लिटर, पण वरची दोन इंच जागा, खालचे खडे, दगड हे वजा केलं की खरं पाणी भरतं साधारण ४५ लिटर. मी हा आकडा स्केचपेनने कागदावर लिहून टँकच्या मागच्या काचेला चिकटवलाय. "पाच-सहा थेंब टाका" या पद्धतीने औषध द्यायचं नसतं, कमी पडलं तर रोग राहतो आणि जास्त झालं तर मासा जातो.

नवा मासा थेट टँकमध्ये नाही

आपल्याकडच्या दुकानांत येणारे बरेचसे मासे चेन्नईच्या कोलाथूरहून किंवा कोलकात्याहून येतात, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, अंधारात, तासन् तास. तिथून होलसेलवाला, तिथून दुकान, तिथून तुमची पिशवी. इतक्या हातांतून आलेला मासा थकलेला असतो आणि त्याच्या अंगावर काय आहे हे दुकानातल्या निळ्या लाइटखाली दिसत नाही.

म्हणून एक वीस-तीस लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या, खाली खडे नकोत, एक स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, एवढंच. स्पंज मोठ्या टँकमध्ये आधीच फिरता ठेवला की बॅक्टेरिया तयार मिळतात. मासा आणला की पिशवी पंधरा-वीस मिनिटं टबात तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी अर्धा कप टबातलं पाणी पिशवीत घाला, अर्ध्या तासाने जाळीने मासा उचलून टबात सोडा, पिशवीतलं पाणी संडासात. दोन आठवडे तरी त्याला तिथेच ठेवा, महिनाभर ठेवलात तर उत्तमच. घरात जागा नाही हे कारण मीही दिलंय, शेवटी टब वॉशिंग मशीनवर ठेवला, आणि मशीन लावायची वेळ आली की टब उचलून ओट्यावर, बायकोने ते तीन आठवडे सहन केलं, यापेक्षा जास्त मी काही सांगू शकत नाही.

दुकानातून मासा निवडताना फक्त तो मासा नाही, ती अख्खी टँक बघा. एक जरी मेलेला किंवा पर मिटून कोपऱ्यात बसलेला दिसला तर त्या टँकमधून काहीच घेऊ नका, भाव कितीही चांगला असला तरी. लाल किडे म्हणजे ट्युबिफेक्स मासे अधाशासारखे खातात, पण ते घाणीच्या पाण्यात वाढतात आणि सोबत काय काय आणतील सांगता येत नाही, मी फ्रोझन ब्लडवर्मवरच भागवतो.

रोजची दोन मिनिटं

सकाळी खाणं टाकताना टँकचा लाइट लावायच्या आधी मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून बघायची सवय लावा. कोण खायला आला नाही, कोणाचे पर अंगाला मिटलेत, कोण खड्याला अंग घासतोय, कोणाचा श्वास भराभर चालू आहे. विष्ठेचा रंगही बघा, खाण्याच्या रंगाची असेल तर ठीक, पांढरी दोऱ्यासारखी लोंबत असेल तर पोटात काहीतरी आहे.

सगळेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तो रोग नाही, पाण्याची तक्रार आहे. ताबडतोब टेस्ट करा. अमोनियाने कल्ले लालसर होतात, नायट्राइटने तपकिरी. अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या वर असेल तर अर्धं पाणी बदला (क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं), एअर पंप फुल करा, दोन दिवस खाणं बंद. पाण्याचा पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो, त्यामुळे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी उन्हाळ्यात जास्त सांभाळायचं. नायट्राइट वाढलं असेल तर पाणी बदलण्याबरोबर थोडं मीठ टाकलं तरी फायदा होतो, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण एकच मासा वर येतोय आणि बाकीचे मजेत आहेत, तर मग त्या माशाकडे बघायचं.

पांढरे ठिपके, म्हणजे इक

हा सगळ्यांना कधी ना कधी भेटतोच. इक्थिओफ्थिरिअस नावाचा एकपेशी परजीवी, मिठाच्या कणाएवढे ठिपके, आधी परांवर मग अंगभर, आणि मासा दगडाला अंग घासत फिरतो. याचं औषध करायच्या आधी त्याचं चक्र समजलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच होतो. जो ठिपका दिसतो तो माशाच्या कातडीच्या आत बसलेला असतो, तिथे त्याला कुठलंही औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून खाली पडतो, खड्यांवर चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि त्याच्या आत फुटून फुटून शेकडो पिल्लं होतात, या कवचालाही औषध भेदत नाही. मग ती पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधतात, एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात, आणि औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना.

आता कळलं ना मी दुसऱ्या दिवशी परत थेंब का टाकायला नको होते? औषध काम करत असलं तरी अंगावरचे ठिपके जागच्या जागीच दिसणार, आणि तिसऱ्या दिवशी ठिपके गळाले म्हणून "बरा झाला" समजून औषध बंद केलं तर आठवड्याने तिप्पट होऊन परत येणार. पंचवीस डिग्रीला हे चक्र जवळपास आठवड्याचं असतं, तीस डिग्रीला तीन-चार दिवसांचं. म्हणून पाणी गरम करायचं, चक्र लवकर फिरवायचं आणि पोहणाऱ्या पिल्लांना गाठायचं.

मी काय करतो ते सांगतो, ४५ लिटरच्या टँकचा हिशोब धरून. सगळ्यात आधी तीस टक्के पाणी बदलून खड्यांवर सायफन फिरवतो, खाली पडलेली कवचं जितकी निघतील तितकी. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढतो (कार्बन औषध शोषून घेतो). हीटरने तापमान दर काही तासांनी एक डिग्री असं दीड-दोन दिवसांत तीसपर्यंत नेतो, हीटर साधारण लिटरला एक वॉट या हिशोबाने, म्हणजे इथे पन्नास वॉटचा पुरतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून एअर स्टोन रात्रंदिवस चालू. मग मीठ, लिटरला तीन ग्रॅम, म्हणजे ४५ लिटरला १३५ ग्रॅम, पण एकदम नाही, ४५ ग्रॅमचे तीन भाग, दर बारा तासांनी एक, मगात पाण्यात पूर्ण विरघळवून फिल्टरच्या धारेखाली हळूहळू ओतायचं. मीठ आगरातलं जाडं घ्यायचं, खडे तसेच टाकले तर माशाच्या अंगावर पडून भाजतं.

त्यानंतर दर दोन दिवसांनी खडे सायफन करून तीस टक्के पाणी बदलायचं, आणि इथे लोक चुकतात, मीठ फक्त नव्या पाण्यापुरतं परत घालायचं. साडेतेरा लिटर पाणी काढलं तर ४० ग्रॅम, १३५ नाही. मीठ उडून जात नाही, टँकमध्ये असतंच. शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान सात दिवस हेच चालू, एकूण दोन आठवडे धरा. मग मीठ न घालता पाणी बदलत बदलत मीठ कमी होऊ द्या आणि तापमान हळूहळू खाली आणा.

टँकमध्ये कोरी, लोच असले बिनखवल्याचे किंवा खरखरीत कवचाचे मासे असतील तर त्यांना तीन ग्रॅम सोसत नाही, एकावर थांबा आणि उष्णतेवर भर द्या. झाडं असतील तर ती मिठाने वितळतील, म्हणून मासे टबात नेऊन तिथे उपचार करा, आणि मोठी टँक आठवडा-दहा दिवस माशांशिवाय सत्तावीस-अठ्ठावीस डिग्रीला चालू ठेवा, मासा मिळाला नाही की इक आपोआप संपतो. गोल्डफिशला तीस डिग्री जड जातं, सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर नेऊ नका. काही वेळा मीठ-उष्णतेने भागत नाही, तेव्हा मॅलाकाइट ग्रीनवालं औषध लागतं, ते बाटलीवरच्या डोसाने, लोच-टेट्रांना अर्धाच डोस, हातात ग्लोव्हज घालून, कारण ते माणसालाही चांगलं नाही, आणि खायच्या माशांच्या जवळपास तर अजिबात नाही.

ठिपके मिठासारखे नसून सोन्याची पूड उडवल्यासारखे बारीक पिवळट असतील, टॉर्चमध्ये चमकत असतील तर तो वेल्व्हेट. बाकी सगळं तसंच, फक्त हा परजीवी उजेडातूनही अन्न मिळवतो म्हणून टँकला आठवडाभर चादर गुंडाळून अंधार करायचा.

शेपटी कुरतडल्यासारखी दिसते

फायटर आणि एंजलला हे फार. पराची कड पांढुरकी किंवा लाल, फाटलेली, दर दिवशी थोडी कमी कमी, हा फिन रॉट, आणि तो जवळपास नेहमी घाणेरड्या पाण्यातूनच सुरू होतो. पण सरळ कापल्यासारखा तुकडा गेला असेल आणि कड स्वच्छ असेल तर रोग नाही, टायगर बार्बने चावलंय, त्याला वेगळं करा. फिन रॉटला आठवडाभर एक दिवसाआड पंचवीस टक्के पाणी बदललं आणि लिटरला एक ग्रॅम मीठ ठेवलं तर बहुतेक वेळा तेवढ्यात थांबतो. नवीन पर येतो तो सुरुवातीला काचेसारखा पारदर्शक असतो, माझ्या एका मित्राने तो "परत सडतोय" म्हणून परत औषध सुरू केलं होतं, तसं करू नका.

फायटरसाठी एक घरगुती गोष्ट खरंच उपयोगी आहे. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये जो मोठ्या पानांचा देशी बदाम असतो त्याची गळून वाळलेली लाल-तपकिरी पानं. धुवून, उन्हात कडकडीत वाळवून वीस-तीस लिटरला एक पान. पाणी चहासारखं होतं, त्यातल्या टॅनिनने पाणी थोडं आम्लधर्मी होतं आणि बुरशीला थोडा आळा बसतो. रोडच्या कडेची धुरकट पानं किंवा औषध फवारलेल्या झाडाची नकोत. हळद-कडुलिंबाचे प्रयोग मात्र माझ्यावर सोडा, मी करून बसलोय.

कापूस की पांढरा पट्टा, हे आधी ठरवा

जखमेवर कापसाचा बोळा चिकटवल्यासारखी तंतूंची वाढ दिसली तर ती बुरशी, सॅप्रोलेग्निया, ती मेलेल्या किंवा जखमी जागेवरच येते. तिला टबात मेथिलीन ब्लू चालतं, निळं औषध म्हणतात ते हेच. मोठ्या टँकमध्ये कधीच नाही, ते फिल्टरचे बॅक्टेरिया मारतं आणि सिलिकॉनचं काय होतं ते माझ्याकडे येऊन बघा.

पण तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगीर टाकल्यासारखा सपाट, राखाडी-पांढरा चट्टा असेल तर ती बुरशी नाही, कॉलम्नॅरिस नावाचा बॅक्टेरिया आहे आणि दिसतो सारखाच. इथे गंमत उलटी, गरम पाण्यात तो अजून जोरात पळतो, म्हणून इकसारखं तापमान वाढवलंत तर एक-दोन दिवसांत मासा संपेल. तापमान त्या माशाला सोसेल एवढं खाली आणा, एअर स्टोन वाढवा, मासा वेगळा करा. याला शेवटी अँटिबायोटिक लागतं.

आणि अँटिबायोटिकबद्दल, केमिस्टकडून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून फोडून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती सोडा. आपल्या कठीण पाण्यातल्या कॅल्शियमला ते औषध चिकटून बसतं, माशापर्यंत फार थोडं पोचतं, पण फिल्टर मरतो आणि औषधाला न दबणारे बॅक्टेरिया मात्र तयार होतात. जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, सगळेच डॉक्टर मासे बघत नाहीत हे खरं, पण वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरी, उदगीर, नागपूरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, तिथे माशांचे आजार हाच विषय शिकवणारी माणसं असतात. माशाचा चांगल्या उजेडातला फोटो, व्हिडिओ आणि टेस्टचे आकडे घेऊन विचारलंत तर उत्तर मिळायची शक्यता वाढते.

पोट फुगलंय, उलटा तरंगतोय

गोलमटोल गोल्डफिश पाण्यावर उलटा तरंगायला लागला की घरात रडारड होते, पण बऱ्याचदा ते बद्धकोष्ठ असतं. तरंगणारं सुकं खाणं वरून हवेसकट गिळतो आणि ते पोटात फुगतं. दोन-तीन दिवस उपास, मग मटारचा उकडलेला दाणा, साल काढून चुरून. पुढे पेलेट्स मिनिटभर पाण्यात भिजवूनच द्या, किंवा बुडणारे घ्या.

खवले मात्र अननसासारखे सगळीकडून उभे राहिलेत, वरून बघितल्यावर मासा काटेरी दिसतोय, तर ते ड्रॉप्सी, म्हणजे किडनी काम करत नाही आणि अंगात पाणी साठलंय. हा एक रोग नसून शेवटचं लक्षण असतं. वेगळं करून वीस लिटरला चहाचा एक सपाट चमचा एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, साधं मीठ नाही, त्याने पाणी अजून साठतं) देऊन बघा, सूज थोडी उतरते, पण खोटी आशा देत नाही, खवले पूर्ण उभे राहिलेले मासे माझ्याकडे सातातला एक वाचला.

फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर ठेवणाऱ्यांना डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आणि पांढरी दोरीसारखी विष्ठा दिसते. यात पोटातला परजीवी, नायट्रेट आणि नुसत्या पेलेट्सवरचं आयुष्य हे सगळं एकत्र असतं. मेट्रोनिडाझोल खाण्यात भिजवून देतात, डोस डॉक्टरकडून घ्या, पण पाणी बदलणं दुप्पट केल्याशिवाय खड्डे भरत नाहीत.

डोळ्याला दिसणारे किडे

गोल्डफिश आणि कोईच्या अंगातून दोऱ्यासारखं बाहेर आलेलं, टोकाला वाय आकार, हा अँकर वर्म. ओल्या रुमालात मासा धरायचा, चिमट्याने अगदी कातडीजवळ पकडून सावकाश ओढायचं, मध्येच तुटलं तर डोकं आत राहतं. जखमेवर इअरबडने पोव्हिडोन आयोडीन, कल्ल्यांत जाऊ न देता, आणि लगेच पाण्यात. एक-दीड मिनिटाच्या वर मासा बाहेर ठेवायचा नाही. याची पिल्लं पाण्यात असतातच, म्हणून तीन आठवडे रोज तपासा. चपटी, गोल, पारदर्शक ऊ चालताना दिसली तर ती आर्ग्युलस, तीही चिमट्याने निघते.

तहान लागल्यावर विहीर खणू नका

घरात एवढं तयार ठेवा, म्हणजे रात्री साडेदहाला दुकान शोधत फिरावं लागत नाही: टेस्ट किट, अँटीक्लोरीन, जाडं मीठ, किचनचा छोटा डिजिटल वजनकाटा, थर्मामीटर, जादा हीटर, बॅटरीवर चालणारा एअर पंप. हा शेवटचा आपल्याकडे औषधापेक्षा जास्त मासे वाचवतो. लाइट गेली की फिल्टरमधलं साचलेलं पाणी सडायला लागतं. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर चार-पाच तास बंद राहिला तर तसाच चालू करू नका, आतलं पाणी आधी ओतून स्पंज टँकच्या पाण्यात धुवा.

मे महिन्यात पाणी तेहतीसवर जातं तेव्हा झाकण काढून पाण्यावर टेबलफॅन सोडा, दोन-तीन डिग्री सहज उतरतं, उडालेलं पाणी रोज भरा. बर्फ थेट टाकू नका. पाणी बदलताना हीटरचा प्लग आधी काढा, कोरडा पडलेला गरम हीटर पाण्यात गेला की काच तडकते, आणि हात घालायच्या आधी सगळेच प्लग काढलेले बरे.

गणपतीला गावी जाताना मोठ्या माशांना चार-पाच दिवस काही नाही दिलं तरी चालतं, खरंच चालतं. मी एकदा शेजारच्या काकूंना डबा देऊन गेलो, त्यांना मासे "उपाशी बघवेनात", परत आलो तर पाणी ताकासारखं आणि दोन एंजल वर. तेव्हापासून गोळ्यांच्या आठवड्याच्या डबीत दोन कप्प्यांत मोजून चिमूट ठेवतो आणि मोठा डबा कपाटात लपवून जातो.

मासा वाचणार नसेल तर

कधी कधी थांबावं लागतं. मासा दिवसेंदिवस कुशीवर पडून असेल, खात नसेल, तर लवंगाचं तेल वापरतात. लिटरभर टँकच्या पाण्यात मासा ठेवा, बाटलीत थोड्या कोमट पाण्यात तेलाचे थेंब घालून दुधाळ होईपर्यंत जोरात हलवा, आणि ते हळूहळू ओता, आधी मासा गुंगीत जातो, मग अजून घालायचं, एकूण लिटरला साधारण अर्धा मिली, आणि कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसंच ठेवायचं. कमोडमध्ये जिवंत मासा सोडणं किंवा गोठवणं हे त्याच्यासाठी वाईट मरण आहे. मेलेला मासा कुंडीत खोल पुरा. आणि नकोसा झालेला जिवंत मासा तलावात, नदीत सोडू नका, उजनीच्या जलाशयात आज मच्छीमारांच्या जाळ्यात जो सकर येतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे, तो काही पोहत आलेला नाही.

हाताला कापलं असेल तर आजारी टँकमध्ये ग्लोव्हजशिवाय हात घालू नका. माशांच्या टीबीचा एक बॅक्टेरिया माणसाच्या जखमेतून शिरतो आणि बोटावर महिनोन् महिने न भरणारी गाठ करतो. तशी गाठ आली तर डॉक्टरांना "घरी फिशटँक आहे" हे आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.

टब, जाळी, पाइप हे प्रत्येक आजारानंतर ब्लीचच्या पातळ पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून, भरपूर धुवून, अँटीक्लोरीनच्या पाण्यातून काढून उन्हात पूर्ण वाळवायचं. आणि टबाची जाळी वेगळी, मोठ्या टँकची वेगळी. माझ्या टबाच्या जाळीच्या दांड्याला लाल चिकटपट्टी आहे, ती गॅलरीतल्या दोरीवर लटकते, आणि घरात कोणीही ती मोठ्या टँककडे नेली तर मी जेवता जेवता उठतो.